मोअर बेटर, टॉल दॅन मी वगैरे वगैरे: इंग्रजीतल्या डिग्रीज आणि आपण

तिर्यकरेघ

नमस्कार मंडळी,

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणं हा माझा उद्योग. विशेषणांच्या डिग्रीजपाशी आलो की प्रत्येक तुकडीत पहिला प्रश्न ठरलेला: ईआर कधी लावायचं आणि मोअर कधी? याचं उत्तर खरं तर चार ओळींचं आहे. एका झटक्यात उच्चारून होणारे शब्द ईआर-ईएसटी घेतात: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. शेवटी वाय असलेले दोन अवयवांचे शब्दही त्याच वाटेने जातात: हॅपी, हॅपियर, हॅपिएस्ट. ब्यूटिफुल, इंटरेस्टिंग अशा लांबलचक मंडळींना मोअर-मोस्ट. मधले काही, म्हणजे सिंपल, नॅरो, क्लेव्हर, पोलाइट, दोन्हीकडे खपतात. गुड-बेटर-बेस्ट आणि बॅड-वर्स-वर्स्ट पाठ करायचे. संपलं.

पण माझं म्हणणं असं की मराठी माणूस इथे अडकतच नाही. तो अडकतो त्याचं कारण आपल्या वाक्याच्या ठेवणीत आहे. मराठीत तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. "तो उंच आहे", "तो माझ्यापेक्षा उंच आहे", "तो सगळ्यांत उंच आहे". तिन्हीकडे "उंच" तसाच. तुलनेचा सगळा भार ज्याच्याशी तुलना करायची त्या शब्दावर पडतो: पेक्षा, हून, सगळ्यांत. इंग्रजीत मात्र विशेषणही बदलायला लागतं आणि पुढे दॅनही लागतं. खूण दोन ठिकाणी. आपल्याला एकाच ठिकाणी खूण करायची सवय, म्हणून दुसरी राहून जाते आणि "ही इज टॉल दॅन मी" होतं. किंवा डोक्यात "जास्त चांगलं" असतं म्हणून एकाच जागी दोन खुणा पडतात आणि "मोअर बेटर" होतं.

दुसरा मासला: "हिज हाउस इज बिगर दॅन मी." मराठीत "त्याचं घर माझ्यापेक्षा मोठं आहे" यात कुणालाच काही खटकत नाही, ऐकणारा "माझ्या घरापेक्षा" असं आपसूक समजून घेतो. इंग्रजीत मात्र अर्थ होतो की घर माझ्या देहापेक्षा मोठं आहे. ते असणारच! तिथे "दॅन माइन" हवं.

तुमच्या पाहण्यात असे आणखी कुठले नमुने आले आहेत? आणि सगळ्यांत हट्टी चूक कुठली वाटते?

उगाचच

पहिला नंबर माझा.

छान धागा. पण एक सांगा, "राहुल इज टॉलर दॅन ऑल द बॉइज इन द क्लास" यात काय बिघडलं? आम्ही हयातभर असंच लिहीत आलो.

तिर्यकरेघ

उगाचच, राहुल त्या वर्गातला आहे की नाही यावर सगळं अवलंबून.

ग्रह घेऊ, म्हणजे भावना मध्ये येणार नाहीत. गुरूचा व्यास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर, त्याच्या खालोखाल शनीचा सुमारे १ लाख २० हजार. आता "ज्युपिटर इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट" म्हटलं, तर "एनी प्लॅनेट"मध्ये गुरू स्वतःही आला, आणि तो स्वतःपेक्षा मोठा कसा असेल? म्हणून "एनी अदर प्लॅनेट", किंवा "ऑल द अदर प्लॅनेट्स". आता सूर्य घ्या, व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. "द सन इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम" हे मात्र बिनचूक. सूर्य ग्रह नाही, तो त्या घोळक्यात नाहीच, त्यामुळे इथे "अदर" घातलं तर उलट चूक होईल. सूर्याला ग्रह ठरवल्यासारखं होईल.

सुपरलेटिव्हचं नेमकं उलटं. तिथे ज्याच्याबद्दल बोलतोय तो घोळक्यात असायलाच हवा. "ज्युपिटर इज द लार्जेस्ट ऑफ द प्लॅनेट्स" बरोबर, "ज्युपिटर इज द लार्जेस्ट ऑफ ऑल द अदर प्लॅनेट्स" चूक. म्हणजे कम्पॅरेटिव्हमध्ये बाहेर उभं राहून बघायचं आणि सुपरलेटिव्हमध्ये आत.

मराठीत "तो वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच आहे" आणि "तो वर्गात सगळ्यांत उंच आहे" ही दोन्ही वाक्यं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि कुणाचं काही अडत नाही. म्हणून इंग्रजीत हा फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

उगाचच

अरेच्चा. आता कळलं. राहुल दुसऱ्या वर्गातला असेल तर माझं वाक्य बरोबर. :)

तिर्यकरेघ

अगदी!

जुना_खडू

बाईंच्या मुद्द्याशी सहमत, पण शाळेतला "चेंज द डिग्री" हा प्रश्न हल्ली उगाच बदनाम केला जातो त्याबद्दल दोन शब्द. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येणं ही चांगली कसरत आहे. "एव्हरेस्ट इज द हायेस्ट पीक इन द वर्ल्ड", "एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी अदर पीक इन द वर्ल्ड", "नो अदर पीक इन द वर्ल्ड इज ॲज हाय ॲज एव्हरेस्ट". या तिन्हींचा अर्थ काटेकोरपणे एकच आहे. मुलांनी हे घोटलं की वरचं "अदर" प्रकरण आपोआप अंगवळणी पडतं. आम्ही ते फळ्यावर लाल खडूने लिहीत असू.

नियम_मोडका

जुना_खडू सर, पहिली तीन वाक्यं ठीक, पण त्याच प्रश्नातला पुढचा प्रकार बघा. "के२ इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स इन द वर्ल्ड." याचं गाइडातलं उत्तर: "के२ इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स इन द वर्ल्ड." हे समान कसं? "मोस्ट" म्हणजे निम्म्याहून जास्त. उतरंडीत मधल्या रेषेच्या जरा वर असलेलं एखादं शिखरही "मोस्ट" इतरांपेक्षा उंचच असतं, पण त्याला कुणी "वन ऑफ द हायेस्ट" म्हणेल का? पॉझिटिव्ह डिग्रीतलं "व्हेरी फ्यू पीक्स आर ॲज हाय ॲज के२" हे त्यातल्या त्यात जवळ जातं.

आणि नकाराचं तर विचारूच नका. "अ इज नॉट टॉलर दॅन ब" याचा अर्थ अ बुटका असा होत नाही. दोघं सारखे असू शकतात. म्हणजे उत्तर "ब इज ॲट लीस्ट ॲज टॉल ॲज अ". ते "ॲट लीस्ट" गाळलं की वाक्याचा अर्थच बदलतो. उलट "अ इज नॉट ॲज टॉल ॲज ब" म्हटलं तर मात्र अ नक्की बुटका. दिसायला दोन्ही वाक्यं जुळी, अर्थ वेगळा.

कसरत म्हणून ठीक. पण "अर्थ न बदलता" असं प्रश्नात छापू नये.

जुना_खडू

"मोस्ट अदर"बद्दल तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे. तरी परीक्षेत तेच उत्तर अपेक्षित असतं हे पोरांनी लक्षात ठेवावं, नाहीतर तर्क बरोबर आणि मार्क गुल. "ॲट लीस्ट" मात्र आम्ही कधीच गाळू दिलं नाही.

एक राहिलं. "वन ऑफ द" पुढे अनेकवचन! "वन ऑफ द बेस्ट प्लेअर" हे इतकं कानावर पडतं की हळूहळू बरोबर वाटायला लागतं. धागाकर्तीने हट्टी चूक विचारली आहे ना, माझं मत हिला. मराठीत "सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक" म्हणताना आपण चुकत नाही, पण तिथे "एक" शेवटी येतो. इंग्रजीत "वन" सुरुवातीलाच येऊन बसतो आणि पुढच्या नामालाही एकवचनात ओढतो.

शब्दवेडी

+१ "वन ऑफ द"ला.

मी जरा आडवाटेने येते. विशेषण न हलवता तुलना करणं हा मराठीचा दोष समजू नका हं कुणी. आपली पूर्वज संस्कृत विशेषण हलवत होती, आणि दोन तऱ्हांनी. एक तर-तमची जोडी: लघुतर, लघुतम. तारतम्य हा शब्द याच जोडीतून आला, आणि लसावितला "लघुतम" आपण शाळेपासून सुपरलेटिव्ह आहे हे न कळता वापरतो. दुसरी जोडी ईयस् आणि इष्ठ. "जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी" यातलं गरीयसी हे गुरुचं कम्पॅरेटिव्ह, आणि "स्वर्गात्" ही पंचमी म्हणजे आपलं "स्वर्गाहून". संस्कृतात दोन्ही खुणा होत्या. मराठीने नामावरची ठेवली, विशेषणावरची सोडून दिली.

आता गंमत. इंग्रजीतला ईएसटी आणि संस्कृतातला इष्ठ हे एकाच मुळाचे. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यांच्या शेपटीला जे आहे तेच टॉलेस्टच्या शेपटीला. स्वीट आणि स्वादु हेही भाऊ, म्हणजे "स्वीटेस्ट" आणि आपलं "स्वादिष्ट" (मुळात स्वादिष्ठ) ही जोडी मुळापासून टोकापर्यंत एकच! तिकडे ईआरचं नातं ईयस्शी आहे. आणि प्रेयसी म्हणजे "अधिक प्रिय", कम्पॅरेटिव्ह. सुपरलेटिव्ह प्रेष्ठ. कुणापेक्षा अधिक, ते ज्याचं त्याने बघावं.

उगाचच

घरी हे वाचून दाखवणार नाही. :))

मग बेटर म्हणजे आपलं बेहतरच की!

शब्दवेडी

नाही ना! सगळ्यांना वाटतं तसं, पण तो निव्वळ योगायोग. फारसीत "बेह" म्हणजे चांगला, त्याला "तर" जोडून बेहतर. तो "तर" आपल्या लघुतरमधला. बेटरचा धातू वेगळा, पुढे ईआर. म्हणून तर गुडशी त्याचं रूप जुळत नाही: गुड एका मुळाचा, बेटर-बेस्ट दुसऱ्या. जुन्या इंग्रजीतही हे असंच होतं.

आणि "मोअर बेटर"ला इतकं हसू नका. शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमध्ये ब्रूटसच्या वाराबद्दल अँटनी म्हणतो, "द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल". मोस्टही आणि ईएसटीही. त्या काळी जोर द्यायला असं डबल चालायचं. पुढे १८व्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्याला हद्दपार केलं. त्यात रॉबर्ट लाउथ यांचं १७६२ सालचं व्याकरण बरंच गाजलेलं. तरी काही डबल वाचलेच. लेस स्वतः कम्पॅरेटिव्ह, त्याला पुन्हा ईआर लावून लेसर. त्याहून भारी निअर. "नाय" म्हणजे जवळ, त्याचं कम्पॅरेटिव्ह निअर, सुपरलेटिव्ह नेक्स्ट. लोक नाय विसरले, निअरलाच मूळ समजले, आणि त्यावर पुन्हा निअरर, निअरेस्ट चढवलं. आपणही श्रेष्ठ हे आधीच सुपरलेटिव्ह असताना सर्वश्रेष्ठ आणि श्रेष्ठतम म्हणतोच की.

नियम_मोडका

प्रतिसाद भारी. पण शेक्सपिअरच्या नावावर "मोअर बेटर" लिहून कुणी अर्ज पाठवू नका म्हणजे मिळवली.

धाग्यातल्या चार ओळींच्या नियमाला थोडी ठिगळं लावतो. "अनहॅपियर" हा तीन अवयवांचा, तरी ईआर चालतो, कारण कान त्याच्यात हॅपी ऐकतो. उलट रिअल, राइट, राँग लहान असूनही मोअर घेतात: "मोअर राँग". टायर्ड, बोअर्ड अशा क्रियापदांवरून आलेल्यांनाही मोअरच. "टायर्डर" कुणी म्हणत नाही. आणि दोन गुण एकाच माणसात तोलायचे असतील तर छोट्या शब्दालाही मोअर: "ही इज मोअर लकी दॅन क्लेव्हर". तिथे "लकियर दॅन क्लेव्हर" बसत नाही, कारण तुलना दोन माणसांची नाहीच. हुशारी म्हणावी की नशीब, याची आहे.

स्पेलिंगचं एका ओळीत: बिग-बिगर, हॉट-हॉटरमध्ये शेवटचं व्यंजन दुप्पट होतं, कारण आधी एकच स्वराक्षर आहे. स्वीटर, क्लीनरमध्ये दोन स्वराक्षरं, म्हणून दुप्पट नाही. शेवटी डब्ल्यू असेल तरी नाही.

कोरा_कागद

बरेच दिवस वाचनमात्र होतो. माझी अडचण ऑफिसातल्या मेलची. "ही इज सीनियर दॅन मी" लिहिलं की संगणक खाली रेघ मारतो. का?

आणि "व्हेरी बेटर" का चालत नाही? "खूप चांगलं" तर रोज म्हणतो.

तिर्यकरेघ

कोरा_कागद, स्वागत!

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर ही लॅटिनमधली कम्पॅरेटिव्ह रूपं. इंग्रजीत आली ती आपली वेगळी रीत घेऊन, दॅनऐवजी टू: "ही इज सीनियर टू मी". मोअर सीनियर म्हटलं तर दॅन चालतं, पण साध्या मेलमध्ये टू ठेवा, डोकं शांत राहतं. प्रिफरचंही तसंच: "आय प्रिफर वॉकिंग टू रनिंग". त्याच ओघात एल्डर. "माय एल्डर ब्रदर" ठीक, पण "एल्डर दॅन मी" नाही, तिथे ओल्डर.

"व्हेरी" साध्या विशेषणाला लागतं: व्हेरी गुड. कम्पॅरेटिव्हला लागत नाही, कारण तिथे गुण किती हे सांगायचं नसून फरक किती हे सांगायचं असतं, आणि फरकाला मच, फार, अ लॉट, अ लिटल. मी वर्गात सांगते की मराठीतला "फार"च वापरा: "फार बेटर". अर्थही तोच आणि उच्चारही जवळजवळ तोच, निव्वळ योगायोगाने. सुपरलेटिव्हला मात्र "द व्हेरी बेस्ट" चालतं.

कोरा_कागद

"फार बेटर" लक्षात राहणार. आभार.

आणखी एक. के२ वरून आठवलं, आमच्या रिपोर्टमध्ये कुणीतरी "सेकंड हाय सेल्स" लिहिलं होतं. ते "सेकंड हायर" हवं ना?

जुना_खडू

नाही, "सेकंड हायेस्ट". एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, के२ ८,६११, कांचनगंगा ८,५८६. यातलं के२ "द सेकंड हायेस्ट पीक" आणि कांचनगंगा "द थर्ड हायेस्ट". क्रमांक कितवाही असो, विशेषण सुपरलेटिव्हमध्येच राहतं. मराठीत "दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर" म्हणतो म्हणून तिकडे "हाय" उरतं. बाईंचाच मुद्दा पुन्हा.

"द" विसरू नये. फक्त दोनच असतील तर कम्पॅरेटिव्हलाही "द" लागतो: "द टॉलर ऑफ द टू". तिथे "टॉलेस्ट" नको, निदान लेखी तरी नको.

नियम_मोडका

सर, मग "पुट युअर बेस्ट फुट फॉरवर्ड"मध्ये माणसाला पाय किती? :)

जुना_खडू

वाक्प्रचाराला व्याकरण विचारू नये.

शब्दवेडी

"द"वरून एक भर. बैकल जगातलं सर्वांत खोल सरोवर, खोली १,६४२ मीटर. "बैकल इज द डीपेस्ट लेक इन द वर्ल्ड" इथे "द" हवाच. पण एखादं सरोवर अमुक ठिकाणी सगळ्यांत खोल आहे असं म्हणायचं असेल तर "द लेक इज डीपेस्ट हिअर", "द" नाही. इतर सरोवरांशी तुलनाच नाही, त्याची त्याच्याशीच आहे. बारीक फरक, पण एकदा दिसला की मग सगळीकडे दिसतो.

उगाचच

माझा शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडतो. "द सूनर द बेटर" यात दोन-दोन "द" कशाला? नामच नाही तिथे.

शब्दवेडी

कारण तो नेहमीचा "द" नाहीच. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाचं एक तृतीयेचं रूप होतं, "तेवढ्याने" अशा अर्थाचं. उच्चार झिजत झिजत "द" झाला आणि नेहमीच्या "द"सारखा दिसायला लागला. म्हणजे "जितकं लवकर तितकं बरं" यातलं जितकं आणि तितकं. दोन्हीकडे लागतं, म्हणून दोन.

तिर्यकरेघ

आणि गंमत म्हणजे हे वाक्य शिकवताना माझ्या वर्गात सहसा कुणी चुकत नाही. जितकं-तितकं मराठीत आधीच जोडीने येतं, एकाला विसरलं तर दुसरं ओरडतं.

कोरा_कागद, तुमच्या रिपोर्टमध्ये "लेस कंप्लेंट्स" असेल तर तेही बघून घ्या. मोजता येणाऱ्याला फ्यूअर.